एक मोबाईल, दोन लॅपटॉप

मैत्रिणींनो, मार्चअखेर गटाचा हिशेब लॅपटॉपवर भरायचा असतो आणि नेमकं तेव्हाच लेकीलाही अभ्यासाला नेट लागतं. त्यासाठी दुसरं कनेक्शन नको. एका मोबाईलवर दोन्ही लॅपटॉप चालतात.

असं करा:
१. मोबाईलचा डेटा चालू करा. सेटिंगमध्ये जाऊन 'हॉटस्पॉट' चालू करा.
२. तिथंच पासवर्ड ठरवा. तो किमान ८ अक्षरांचा हवा. आपला फोन नंबर किंवा गटाचं नाव ठेवू नका.
३. दोन्ही लॅपटॉपवर वायफाय उघडा, आपल्या मोबाईलचं नाव निवडा, पासवर्ड टाका.

आता वाटणीचं बघू. रोजचा १.५ जीबीचा पॅक असेल, तर तो दोन्ही लॅपटॉप आणि मोबाईल मिळून १.५ जीबी. हिशेबाला, फॉर्मला डेटा थोडाच लागतो. व्हिडिओ आणि विंडोजचे अपडेट तो संपवतात. म्हणून लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे बरेचसे अपडेट थांबतात. लेकीला व्हिडिओ ३६० वर बघायला सांगा. गटाची माहिती आधी पाठवा, व्हिडिओ नंतर.

गगनबावडा, शाहूवाडीकडं रेंज कमी असेल तर मोबाईल खिडकीत ठेवा. हॉटस्पॉटनं मोबाईल तापतो, गादीवर ठेवू नका.

काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. त्यावरून कुणी गैरप्रकार केला, तर चौकशी तुमच्या नंबरपर्यंत येते. गटाच्या पेटीची किल्ली आपण कुणाच्याही हाती देत नाही. पासवर्डही तसाच जपा.