अकरा क्लास आणि एक टेबल



भाचीबाईंनी कुरिअरनं पाठवलेली नव्या खेळाची वही पोचली. मामानं ती एका बैठकीत वाचली आणि चहा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. पहिल्या पानावर अंतराळयान, दुसऱ्यावर शापित ग्रह आणि तिसऱ्यापासून ओळीनं अकरा कॅरेक्टर क्लास. आपल्या घरात ‘क्लास’ म्हटलं की अजून दहावीचं गणित आठवतं, पण टेबलाभोवती बसून पात्रं वठवणारी, टेबलटॉप खेळणारी मंडळी पात्राच्या पेशाला हाच शब्द वापरतात, तेव्हा इथंही तोच. वर्णनं सुरेख उतरली आहेत. फक्त अकरापैकी दहा वर्णनांत शेजारच्या खुर्चीवरचा खेळाडू कुठं दिसत नाही. हे पत्र त्यासाठीच.

क्लास मुळात आले कुठून, हे एकदा बघायला हवं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. त्यातल्या क्लेरिकची जन्मकथा मोठी बोलकी आहे. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन बसला आणि इतका शिरजोर झाला की त्याला आवरणारं कुणीतरी हवं झालं. त्या गरजेतून पिशाच्चांना पळवून लावणारा, गदा घेऊन लढणारा पुरोहित उभा राहिला. आधी टेबलावरची अडचण, मग क्लास आणि सगळ्यात शेवटी पोशाख. वहीत हा क्रम उलटा झालाय. ‘चुंबक-साधू’च्या अंगरख्याला अर्धं पान आणि तो करतो काय, याला दीड ओळ!

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर आला. सावलीत लपणं, आवाज न करता चालणं, कुलूप उघडणं, असली कामं त्याला टक्केवारीत नेमून दिली. वरवर पाहता खेळात भर पडली. पण तोवर कुणीही ‘मी चवड्यांवर चालत भिंतीआड जातो’ म्हणायचा आणि खेळ चालवणारा ते मानायचा. चोराच्या तक्त्यात ते काम लिहिलं गेल्यावर बाकीच्यांनी ते सोडूनच दिलं. अनुभवी खेळाडू या चोरावरून अजून हुज्जत घालतात आणि मामाच्या मते त्यांचं बरोबर आहे. नवा क्लास हातात काही ठेवतो तेव्हा तेच तो इतरांच्या हातातून काढून घेत असतो. वहीतल्या ‘यानवैद्या’शिवाय कुणालाही यानाचं इंजिन दुरुस्त करता येत नाही. म्हणजे तो क्लास घेणाऱ्याची सेमिस्टर परीक्षा आली की सगळं यान महिनाभर कक्षेत लटकणार.

विज्ञान आणि जादू एकाच ताटात वाढली की आणखी एक घोटाळा होतो: प्रत्येकाची वेगळी खोली तयार होते. ‘शॅडोरन’ हा १९८९ चा खेळ याचा नमुना. त्यातला डेकर संगणकांच्या जाळ्यात एकटाच शिरतो, तिथं एकटाच लढतो, आणि तेवढा वेळ बाकीची टोळी बाहेर ताटकळते. तेवढ्यात पिझ्झा मागवून घ्यावा, हा त्या खेळाडूंचा जुना विनोद आहे.

मात्र याच खेळात मामाच्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार युक्ती आहे. तिचं नाव एसेन्स. माणसाकडे तो सहा असतो. शरीरात यंत्राचा डोळा, तारांचे मज्जातंतू, पोलादी हात बसवत गेलं की तो घटत जातो आणि त्याच्यासोबत जादूची ताकदही घटते. एकच आकडा, पण यंत्र आणि मंत्र यांना त्यानं समोरासमोर आणून उभं केलं. वहीत मात्र मंत्रशक्तीची टाकी वेगळी, विद्युतशक्तीची वेगळी, आणि मधे कुठं नळ जोडलेला नाही. ‘अग्निबाण’ दोन फाशांचं नुकसान करतो, ‘लेसर’ही दोन फाशांचंच. मग फरक उरतो तो रंगाचा: एकाची ज्वाळा तांबडी, दुसऱ्याची निळी.

२०१७ च्या ‘स्टारफाइंडर’मधला सोलॅरियन या बाबतीत अभ्यासण्याजोगा. ताऱ्यांच्या जन्ममरणातून बळ घेणारा हा योद्धा लढाई सुरू झाली की फोटॉन किंवा ग्रॅव्हिटॉन यांपैकी एक बाजू धरतो, दर फेरीला एकेक गुण साठवतो आणि तीन गुण झाले की त्याची मोठी अस्त्रं मोकळी होतात. कल्पना देखणी आहे. अडचण एवढीच की लढाई दोन फेऱ्यांत आटोपली तर ती अस्त्रं म्यानातच राहतात. पण त्याच खेळानं यानांच्या लढाईत कॅप्टन, पायलट, तोफची, इंजिनिअर आणि विज्ञान अधिकारी अशा पाच जागा क्लासपासून अलग ठेवल्या. तलवारवालाही तोफेवर बसू शकतो. यानवैद्यावरचा उतारा इथंच सापडेल.

समतोलाचा बाऊ मात्र करू नये. १९९० मध्ये केव्हिन सिम्बिडा यांच्या ‘रिफ्ट्स’मध्ये महाकाय चिलखतातला ग्लिटर बॉय आणि गाठोडं घेऊन हिंडणारा भटक्या एकाच पुस्तकातून निवडता यायचे. तिथल्या मेगा-डॅमेजचा एक गुण म्हणजे साध्या नुकसानीचे शंभर! भटक्याला एक गोळी चाटून गेली तरी संपलं. तरीही लोक हा खेळ हौसेनं खेळले. भार पडला तो खेळ चालवणाऱ्यावर, कारण प्रत्येक प्रसंगात त्या बिचाऱ्या भटक्याला काम शोधून देणं त्याच्याच माथी यायचं.

‘रिफ्ट्स’मध्ये आणखी एक गोष्ट आहे: आरसीसी. (स्लॅबवालं नव्हे.) म्हणजे वंश हाच क्लास. १९८१ च्या ‘बेसिक’ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्येही एल्फ आणि ड्वार्फ हे क्लासच होते. वहीतल्या ‘शनिपुत्रां’ना जन्मतः फक्त खाणकाम येतं, हे वाचून मामाला बारा बलुतेदार आठवले. गावाची गरज काय आणि ती कोण भागवतो, या अंगानं बलुत्यांकडे बघितलं तर क्लास कसे आखावेत हे कळतं. पण बलुतं जन्मानं चिकटायचं. निदान खेळात तरी शनिपुत्राला कवी होऊ द्यावं.

आता अकराचं काय करायचं? माँटी कुक यांच्या ‘न्यूमेनेरा’त, २०१३ साली, तीनच प्रकार होते: ग्लेव्ह, नॅनो आणि जॅक. पण प्रत्येक पात्र एका वाक्यात मांडायचं, आधी विशेषण, मग प्रकार आणि शेवटी तो माणूस करतो काय. त्या जोडण्यांतून शेकडो माणसं उभी राहतात. तसं केलं तर वहीतले सात क्लास विशेषणं होऊन जातील आणि कुणाचं वाईट वाटणार नाही. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’नं तर क्लास ठेवलेच नाहीत. नौदल, व्यापारी जहाज असल्या नोकरीत चार-चार वर्षं काढायची आणि कौशल्यं कमवायची. त्यात पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरूही शकायचं! इतकी निष्ठुरता भाचीबाईंना झेपणार नाही.

राहिला अकरावा क्लास, ‘ग्रहण-गायिका’. ती गाते तेव्हा दुसऱ्याचा फासा पुन्हा टाकता येतो आणि तिची बॅटरी उतरते. ‘स्टारफाइंडर’चा एन्व्हॉय असाच सोबत्यांना हल्ल्यात एकाची भर घालून देतो. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के. पण भाचीबाईंच्या गायिकेला त्यासाठी स्वतःचं काही गमवावं लागतं, म्हणून मामाला ती जास्त आवडली.

येत्या रविवारी मामा फासे घेऊन येतोय. चौघं जमवावीत, तीन तास खेळावं आणि कोण केव्हा मोबाइलकडे वळला ते वहीच्या समासात पेन्सिलीनं टिपावं. चुंबक-साधू भाचीबाईंच्या भावाला द्यावा, तो फार वेळ गप्प बसू शकत नाही. गायिका मामाची.

— मामा