काळ्या प्रकाशांतील कळसूत्री मेंढरूं

गेल्या नाताळच्या कार्यक्रमांत आठवीच्या वर्गानें हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त कळसूत्री बाहुल्यांच्या साह्यानें करून दाखविला, तो आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तें मेंढरूं कसें केलें आणि अंधारांत तें कशानें उजळलें, असें त्यानंतर अनेक विद्यार्थ्यांनीं, व कांहीं पालकांनींहि, मला विचारलें. प्रत्येकास निरनिराळें सांगण्यापेक्षां तें येथेंच लिहितों.

कळसूत्री बाहुलीचा खेळ आपणांस नवा नाहीं. सूत्रांनीं चालणाऱ्या बाहुल्याची उपमा ज्ञानेश्वरींतहि आली आहे. आज महाराष्ट्रांत ही कला पाहावयाची तर सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं जावें. तेथील ठाकर समाजाचे कलावंत लांकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी अशा तीन कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आले आहेत, श्री. परशुराम गंगावणे यांस या कार्याबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. छायाबाहुल्यांच्या खेळांत दिवा पडद्यामागें असतो. पडदा उजळतो आणि त्यावर बाहुलीची छाया पडते. आमचा खेळ याच्या नेमका उलट होता. सारी रंगभूमि काळी आणि बाहुली तेवढी उजळ. युरोपांत प्राग शहरीं १९६१ पासून अशा काळ्या रंगभूमीची एक मंडळीच प्रसिद्ध आहे.

आतां त्या दिव्याविषयीं. त्यास ‘ब्लॅक लाइट’ म्हणतात, आणि काळा प्रकाश हें नांव ऐकून मुलें हसतात. प्रकाश काळा कसा असेल? आपल्या डोळ्यांस सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. त्यांहून थोडे आंखूड असे अतिनील किरण डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु कांहीं पदार्थ ते शोषून घेतात, त्यांतील थोडी शक्ति स्वतःजवळ ठेवतात आणि उरलेली दृश्य प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतात. स्टोक्स या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं या गुणास नांव दिलें. आपण त्यास प्रतिदीप्ति म्हणतों. म्हणजे दिवा दिसत नाहीं, भिंत दिसत नाहीं, तेवढा तो पदार्थ जणूं स्वतःच पेटल्यासारखा दिसतो. घरांत असे पदार्थ पुष्कळ आहेत. हळद स्पिरिटांत कालविली तर तें पाणी हिरवट पिवळें चमकतें, नोटेवरील क्रमांक चमकतात, आणि कपडे धुण्याच्या पुडींत पांढरेपणासाठीं जें द्रव्य घालतात तें तर निळसर शुभ्र प्रकाश देतें. हें शेवटचें ध्यानांत ठेवा. त्यानेंच आमची फजिती केली.

दिवा घेतांना ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचाच घ्यावा व त्याकडे टक लावून पाहूं नये. २०२० च्या साथींत जे जंतुनाशक अतिनील दिवे घरोघरीं व कचेऱ्यांत आले, ते मात्र या कामीं कदापि वापरूं नयेत. त्यांचे किरण २५४ नॅनोमीटरचे असून डोळ्यांस व त्वचेस इजा करतात. पालकांनीं एवढें स्वतः तपासून पाहावें.

मेंढरूं करण्यास आपल्या सोलापुरासारखें गांव नाहीं. टेरी टॉवेलाचे पांढरे तुकडे येथें सहज मिळतात आणि त्यांवरील बारीक फांसे दिव्याखालीं हुबेहूब लोकरीसारखे दिसतात. कापड कापण्यापूर्वीं तें दिव्याखालीं धरून पाहावें, कारण सर्वच पांढरें कापड उजळतें असें नाहीं. पुठ्ठ्याच्या आठ इंच लांब नळींत मूठभर वाळूची पुरचुंडी बसवून वर चिंध्या गुंडाळाव्या व मग टॉवेल शिवावा. वाळू कशासाठीं? वजन नसलेली बाहुली सूत्रांवर नुसती तरंगते. तिला जमीन असते असें वाटतच नाहीं. डोकें निराळें, मूठभर आकाराचें करून तें दोन इंच दोरीनें धडास जोडावें, म्हणजे तें सर्व बाजूंस वळतें. पायांस सुतळीचे चार तुकडे, प्रत्येकाच्या टोंकास एक लोखंडी नट, व त्यावर नारिंगी चमकत्या रंगाचें खूर. सुतळीवरहि टॉवेलाची पट्टी गुंडाळावी, नाहीं तर खूर धडापासून सुटलेले दिसतील.

सूत्रें चारच पुरतात. एक फूट लांबीच्या लांकडी पट्टीवर आडवी लहान पट्टी ठोकून फुली करावी. लांब पट्टीच्या टोंकांपासून खांद्यास व पुठ्ठ्यास एकेक सूत्र, आणि आडव्या पट्टीच्या टोंकांपासून दोन्ही कानांस एकेक. चालविणाऱ्यानें हात कोपरांत वाकविला असतां चारी खूर जमिनीस टेकावे, एवढी सूत्रांची लांबी ठेवावी. पायांस सूत्र मुळींच नको. धड पुढें सरकलें कीं नटाच्या वजनानें ते आपोआप झुलतात.

आतां चालविण्याची गोष्ट, आणि येथें घाई करूं नये. सुगी झाल्यावर आपल्या बाजूच्या रानांत धनगरांचे कळप बसतात. मुलांना मीं एका रविवारीं उपासनेनंतर तेथें नेलें आणि तासभर कांहीं न करतां केवळ पाहावयास सांगितलें. मेंढरूं प्रथम मान वर करतें, मग थांबतें, मग वळतें, आणि त्यानंतर पाय उचलतें. आमचीं मुलें याच्या उलट, आधीं धड ओढीत व डोकें मागून फरफटत येई. डोकें आधीं, धड मागून, आणि मध्यें एक श्वास थांबणें, एवढें साधतांच चिंध्यांच्या त्या गाठोड्यांत जीव आला.

तालमीच्या पहिल्या दिवशीं खोली काळी केली, काळें मखमली कापड मागें लावलें, दिवे दोन्ही बाजूंनीं, प्रेक्षकांस न दिसतील असे ठेवले आणि कळ दाबली. मेंढराच्या आधीं दिसलीं तीं चार शुभ्र सूत्रें! मागें एका मुलाचे मोजे चालत होते, दुसऱ्याच्या बनियनचा गळा हवेंत तरंगत होता, आणि सारे हसूं लागले तसे अंधारांत नुसते दांतच दिसूं लागले. तेव्हांपासून सूत्रें चकाकी नसलेल्या काळ्या दोऱ्याचीं, हातमोजे काळे, पायमोजे काळे, तोंडावर पातळ काळें कापड, आणि हसणें बंद, असा नियम झाला. जें दिसावयाचें त्यापेक्षां जें दिसूं नये त्यासच आमचे अधिक दिवस लागले.

त्याच दिवशीं एक निराळी अडचण निघाली. एका विद्यार्थ्यानें हरवलेलें मेंढरूं घरच्या लोकरीचें करून आणलें होतें. त्याचे आजोबा मेंढपाळ. आणि आपल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, जिची घोंगडी होते, ती काळी. मेंढरूं फार सुंदर झालें होतें, परंतु दिव्याखालीं तें मुळीं दिसेचना. पांढरा टॉवेल शिवून घे, असें इतरांनीं सुचविलें. ‘‘सर, आमच्या आजोबांचीं मेंढरें काळींच असतात,’’ एवढेंच तो म्हणाला आणि खालीं बघत राहिला. मला काय उत्तर द्यावें तें कळेना. आजवर चित्रांत पाहिलेलीं पांढरीं विलायती मेंढरेंच मींही मुलांपुढें ठेवीत आलों होतों.

अखेर तें मेंढरूं काळेंच ठेवलें. त्याच्या गळ्यांत घंटा बांधली. प्रयोगांत नव्व्याण्णवांच्या जागीं पांच पांढरीं मेंढरें फिरलीं, आणि शंभरावें कोणासच दिसलें नाहीं. अंधारांतून केवळ घंटा वाजे. मेंढपाळाची बाहुली आवाजाच्या मागें जाई, थांबे, पुन्हां जाई. शेवटीं तो आपल्या खांद्यावरील पिवळें चमकतें उपरणें काढून अंधारांत टाकतो, आणि तें मेंढराच्या पाठीवर पडून प्रथमच त्याचा आकार दिसतो. हें करतांना उपरण्याच्या चारी टोंकांस बारीक शिशाचे मणी शिवावे, नाहीं तर तें घसरतें. आमचें दोन तालमींत घसरलें.

प्रयोगानंतर आजोबांनीं मेंढरूं हातांत घेतलें, लोकर चिमटींत चोळून पाहिली आणि मागचे पाय थोडे आंखूड झाल्याचें सांगितलें. यंदा ते पाऊण इंच वाढविले आहेत.