सुट्टी कोणाची? : श्रम, विश्रांती आणि घर

दिवाळीची सुट्टी लागते त्या दिवशी आपल्या वसतिगृहाच्या प्रांगणात पत्र्याच्या पेट्यांची आणि पिशव्यांची रांग लागते. गेली सव्वीस वर्षे हे दृश्य मी पाहत आलो आहे. कोणाचे वडील मोटारसायकल घेऊन येतात, कोणाची आई कामावर एक खाडा करून एस.टी.ने येते. काही मुले मात्र संध्याकाळपर्यंत फाटकाकडे पाहत बसून असतात. मुलाला सुट्टी लागते त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी त्याचे आईवडील कोयता घेऊन निघालेले असतात. शाळेला सुट्टी असते, घराला नसते.

सुट्टीत काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न पालक आणि माजी विद्यार्थी मला नेहमी विचारतात. मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून उत्तराकडे जाण्यापूर्वी सुट्टीचा इतिहास थोडक्यात पाहू.

सुट्टी मिळवावी लागली

रविवारची सुट्टी आज आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याचा ठरावीक विश्रांतीचा दिवस नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन आणि कामावर इजा झाल्यास मदत, अशा त्यातील मागण्या होत्या. गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्यात तिला स्थान मिळाले. एका दिवसाच्या विश्रांतीसाठी सहा वर्षे झगडावे लागले.

हाच धागा बाबासाहेबांनी पुढे नेला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाचे त्यांनी समर्थन केले. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात, १९४५ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर सलग दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने त्याचे आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरले.

परंतु हा कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. उसाच्या फडात तो पोहोचला नाही, धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या वाट्याला आला नाही. आणि आपल्या स्वयंपाकघरात तर त्याने कधी पाऊलच टाकले नाही.

एक कबुली

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे घेऊन मी घरी गेलो. सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून तपासत होतो. लोखंडे यांच्या मागण्या लिहा, असा एक प्रश्न मीच काढला होता. एका विद्यार्थ्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती. मी पूर्ण गुण दिले आणि मान वर केली. दुपारचे तीन वाजले होते. माझी पत्नी अद्याप जेवायची होती. आम्ही सारे सुट्टीवर घरी आल्यामुळे तिचे काम दुपटीने वाढले होते. इतकी वर्षे मी लोखंडे शिकवले. पण माझ्याच घरात एका व्यक्तीला रविवार नाही, हे मला दिसले नव्हते. त्या दिवशी मी माझेच गुण कापले.

वीणेची तार

सोण कोळिविस या भिक्खूची कथा आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा सांगतो. राजगृहाजवळील सीतवनात साधना करताना तो इतका चालला की त्याचे पाय रक्ताळले. अखेर निराश होऊन घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तेवढेच विचारले : तार फार ताणली तर वीणा वाजते काय? आणि फार सैल सोडली तर? सुट्टीत आपण नेमक्या या दोन चुका करतो. एक तर गृहपाठ, शिकवण्या आणि कार्यालयातील फोन यांनी तार ताणतो. नाही तर मोबाइल हाती घेऊन ती पार सैल सोडून देतो.

व्यवहारात काय करावे?

१. पहिले दोन दिवस मोकळे सोडावेत. वसतिगृहातील मूल पहाटेच्या घंटेवर उठत असते. त्याला झोपू द्यावे, बोलू द्यावे. गुणांची चौकशी तिसऱ्या दिवशी करावी.

२. घरकामाची वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावावी. आपली मुले येथे स्वतःचे ताट धुतात, खोली झाडतात, कपडे पिळतात. तोच मुलगा घरी गेल्यावर ताट जागेवर ठेवून उठत असेल, तर आपण समता शिकवली असे म्हणता येणार नाही. वाटणीत वडिलांचेही नाव असावे आणि आईच्या नावासमोर रोज दुपारचा एक तास कोरा असावा.

३. नोकरदारांनी कामाला वेळेची मर्यादा घालावी. मी आता सकाळी दोन तास उत्तरपत्रिका तपासतो आणि गठ्ठा बांधून ठेवतो. ज्यांना भरपगारी रजा मिळते, त्यांनी त्यातील दोन दिवस तरी मुलांसाठी राखावेत. ती रजा कोणीतरी झगडून मिळवलेली आहे.

४. ज्यांना रजाच नाही, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पाळीची नोकरी असो वा रोजंदारी, दिवसातील एक जेवण एकत्र व्हावे आणि तेव्हा फोन बाजूला असावा. फडावरून ठरलेल्या वेळी केलेला रोजचा एक फोनही मुलाला धीर देतो. मात्र सुट्टी आहे म्हणून मुलाच्या हाती कोयता देऊ नये. तसा गेलेला मुलगा शाळा उघडते त्या दिवशी परत येईलच, याची खात्री नसते.

५. गृहपाठ दिवसांवर विभागावा. रोज एक तास पुरेसा आहे. उरलेल्या वेळात आजीकडून गावाची, घराण्याची हकिकत ऐकून लिहून काढावी. आपल्या माणसांचा इतिहास बहुधा अशाच वहीत प्रथम लिहिला जातो.

माजी विद्यार्थ्यांना

आपल्यापैकी अनेक जण आज बँकेत, रुग्णालयात, महसूल खात्यात काम करतात. सुट्टीत आपण गावी जातो. त्या गावात फाटकाकडे पाहत बसलेले एखादे मूल आजी-आजोबांपाशी आलेले असते. आपल्या सुट्टीतील एक संध्याकाळ गावच्या विहारात त्याच्यासोबत घालवावी. पुस्तक वाचावे, गणित सोडवावे, नाही तर नुसते क्रिकेट खेळावे. ज्याचे आईवडील सुट्टी घेऊ शकत नाहीत, त्याच्यासाठी आपल्या सुट्टीतील एक वाटा काढणे, हाच लोखंडे आणि बाबासाहेब यांच्या लढ्याचा आपल्या घरापुरता अर्थ आहे.

येत्या दिवाळीत पेट्यांची रांग पुन्हा लागेल. संध्याकाळपर्यंत बसून राहणाऱ्या मुलांपैकी एखादे मूल आपल्याच तालुक्यातील असेल. पालकांची संमती आणि अधीक्षकांची परवानगी घेऊन त्याला त्याच्या आजीच्या दारापर्यंत पोहोचवणारे कोणी भेटले, तर या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

जय भीम.