ब्रेकचा लाल दिवा : विझवू नका, वाचायला शिका

उसाचे पान पिवळे पडले की आपल्यातले बरेच जण आधी युरियाचे पोते फोडतात. आम्ही प्लॉटवर आलो की पहिला प्रश्न विचारतो, पिवळे पडले ते पान कुठले? खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी पडले असे समजावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही असे समजावे. अख्खे बेट वाळत असेल आणि ओढल्यावर सहज हातात येत असेल, तर मुळाशी हुमणी शोधावी. रंग एकच, पण दुखणी तीन आणि उपायही तीन.

गाडीच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा जो लाल दिवा असतो, त्याचेही तसेच आहे. दिवा एक, पण त्यामागची कारणे चार-पाच. आज पुष्कळ सभासदांच्या दारात जीप किंवा पिकअप आहे आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या आहेत. म्हणून या अंकात लागणीचा विषय बाजूला ठेवून या दिव्याविषयी लिहीत आहोत. त्याला कारणही आमच्याच घरचे आहे.

आमच्या जीपची गोष्ट

मागे एका गाळप हंगामात आमच्या वापरातल्या जीपचा ब्रेकचा दिवा वळणावर लुकलुकू लागला. सरळ रस्त्याला आले की बंद व्हायचा. ड्रायव्हरने टाकीत ब्रेक ऑइल ओतले, दिवा गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा ओतले. तिसऱ्या वेळी तो लागला तो तसाच राहिला. तोडणीचे दिवस, टोळ्या कमी, सभासदांचे निरोपावर निरोप. आम्हीच म्हणालो, "दिव्याचं नंतर बघू, आधी टोळ्यांचं बघा." दिवा सारखा डोळ्यांत खुपतो म्हणून टाकीवरची वायर काढून ठेवली. वायर काढायला परवानगी आमचीच होती, हे इथे स्पष्ट लिहितो.

चार दिवसांनी दिवस मावळताना फडावरून परत येत होतो. कालव्याच्या भरावावरून खाली उतरायचे होते. उतारावर पुढे उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग. शेवटच्या गाडीवर मोळ्यांच्या पुढे एक बाई, मांडीवर लहान मूल. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर पॅडल निम्म्याच्या खाली गेले आणि गाडी म्हणावी तशी थांबेना. त्याने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि जीप डाव्या हाताच्या उसात घातली. पाच-सहा सऱ्या आडव्या झाल्या तेव्हा थांबली. कोणाला खरचटले नाही. त्या बाईने तर मागे वळूनही पाहिले नाही, तिला काही कळलेच नव्हते. आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागचे चाक उघडले. आतला व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर ऑइलात भिजून चिंब झाले होते. महिनाभर आम्ही जे ऑइल ओतत होतो, ते ड्रममध्ये जात होते. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर लागतो, म्हणून तोसुद्धा पुरता लागला नाही. दुरुस्तीला लागला एक दिवस. तो दिवस आम्ही महिन्यापूर्वी दिला असता, तर पुढचे काही घडलेच नसते.

दिवा कशासाठी असतो

पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडर ऑइलावर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि लायनर किंवा पॅड आवळतो. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की मात्र हवाच दबत बसते आणि पॅडल स्पंजासारखे लागते.

पूर्वीच्या गाड्यांत चारही चाकांना एकच मार्ग होता. एका जागी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. पुढे मास्टर सिलिंडरचे दोन भाग करून दोन मार्ग केले, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना असे दोन मार्ग आणि बिघाड दाखविणारा दिवा कायद्याने सक्तीचा झाला. तिकडे विकल्या गेलेल्या एमजीबीसारख्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांत दोन मार्गांच्या मध्ये एक छोटा सरकता दट्ट्या असे. दोन्हीकडे दाब सारखा असला की तो मधोमध राही. एकीकडचा दाब गेला की तो त्या बाजूला सरके आणि दिवा लागे. दुरुस्तीनंतर दट्ट्या पुन्हा मध्यावर आणावा लागे, नाहीतर ब्रेक चांगला असूनही दिवा तसाच राही.

आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा ऑइलाच्या टाकीत तरंगता बोंड असतो. ऑइल उतरले की बोंड खाली जातो आणि दिवा लागतो. हाच दिवा हँडब्रेक ओढल्यावरही लागतो. इथेच घोटाळा होतो. दिवा दिसला की माणूस म्हणतो, "हँडब्रेक राहिला असंल," आणि पुढे जातो.

दिवा लागला तर कोणत्या क्रमाने पाहावे

पहिली गोष्ट, दिवा मुळात जिवंत आहे का ते पाहावे. चावी फिरवली की गाडी सुरू होण्याआधी पुष्कळ गाड्यांत हा दिवा लागतो आणि नंतर विझतो. ज्या गाडीत चावीवर लागत नाही, तिथे हँडब्रेक ओढून पाहावे. तरीही लागला नाही तर बल्ब गेला आहे किंवा आमच्यासारखी कोणीतरी वायर काढली आहे. जळणाऱ्या दिव्यापेक्षा हा मुका दिवा जास्त वाईट. जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघा.

दुसरी गोष्ट, हँडब्रेक. दांडा पूर्ण खाली बसला आहे का? दांडा हाताने थोडा हलवला आणि दिवा लुकलुकला, तर दांड्याखालचे बटण सरकले आहे. हे काम किरकोळ आहे.

तिसरी गोष्ट, टाकीतले ऑइल. गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडा. टाकीवर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. झाकण काढण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसून घ्या. ऑइल खालच्या खुणेजवळ असेल तर वळणावर किंवा चढ-उतारावर ते हेलकावते आणि दिवा लुकलुकतो. आमच्या जीपने पहिल्यांदा सांगितले ते हेच होते.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ब्रेक ऑइल डिझेलसारखे जळत नाही. ते कमी झाले असेल तर त्याला दोनच कारणे असतात. पॅड झिजले की दट्ट्या बाहेर येतो आणि तेवढी जागा ऑइल भरून काढते, त्यामुळे टाकीतली पातळी सावकाश उतरते. ही उतरण अनेक महिन्यांची असते. दुसरे कारण गळती. तिथे उतरण दिवसांत किंवा आठवड्यांत होते. म्हणून ओतण्याआधी पॅड आणि लायनर पाहावेत. पॅड झिजलेले असताना टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलल्यावर ऑइल वरून सांडते. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

चौथी गोष्ट, गळती शोधणे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कोणत्या चाकाशी आहे ते बघा. चारही चाकांची आतली बाजू, ड्रमची मागची पाटी, रबरी होज आणि नळ्यांचे सांधे तपासा. पॅडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी बोट फिरवून ओल लागते का पाहा. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही याच टाकीतून ऑइल जाते, म्हणून क्लचची नळी विसरू नये. बाहेर कुठे डाग नसेल तर ड्रम उघडून बघा. आमची गळती ड्रमच्या आतच होती. ऑइल लागलेले लायनर पुसून, उन्हात वाळवून परत बसवू नयेत, ते बदलावेत.

पाचवी गोष्ट, पॅडल काय सांगते ते पाहावे. गाडी उभी, इंजिन बंद. पॅडल चार-पाच वेळा दाबा आणि मग जोर देऊन एक मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. मऊ लागत असेल आणि पंप केल्यावर वर येत असेल तर बहुधा हवा शिरली आहे. व्हॅक्यूमचा ब्रेक असेल तर पॅडल दाबून धरून इंजिन सुरू करा. ते किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर व्हॅक्यूमची नळी, पंप आणि बूस्टर मिस्त्रीकडून तपासून घ्यावा.

सहावी गोष्ट, हे सगळे ठीक असूनही दिवा राहिला तर काय? गाडी उभी असताना टाकीवरचे वायरचे कनेक्शन क्षणभर काढा. पुष्कळ गाड्यांत बोंड बिघडला असेल तर अशाने दिवा विझतो. विझला नाही तर दोष हँडब्रेकच्या बटणात किंवा वायरमध्ये आहे. एवढे कळले की कनेक्शन पुन्हा लावा. तपासणीसाठी काढलेली वायर तशीच ठेवून गाडी चालवली की काय होते, ते वर सांगितलेच आहे.

नव्या गाड्यांत एबीएसचा पिवळा दिवा वेगळा असतो. नुसता तोच लागला तर नेहमीचा ब्रेक बहुधा राहतो, पण चाक जखडू न देणारी यंत्रणा बंद पडलेली असते. पिवळा आणि लाल दोन्ही लागले तर गाडी थांबवावी.

ताबडतोब कधी थांबावे

पॅडल दाबल्यावरच दिवा लागतो, किंवा दिवा लागला आणि पॅडल नेहमीपेक्षा खाली गेले, तर दोनांपैकी एक मार्ग गेला असे धरून चालावे. उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर "कारखान्यापर्यंत तर जाऊ" असे म्हणू नये. चालत्या गाडीत पॅडल गेलेच तर ते भराभर पंप करा, एकेक गिअर खाली टाका, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढा. इंजिन बंद करू नका. गाडी थांबली की चाकाला दगडाची उटी लावा आणि मिस्त्रीला गाडीकडे आणा.

ऑइल कोणते

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घालावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरल्यावर ही हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले की असले जुने ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पॅडल खाली बसते. म्हणून साधारण दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे आणि उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या हंगामाला वापरू नये. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल या टाकीत एक थेंबही घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते.

ज्यांच्याकडे दिवाच नाही

ऊस ओढणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांना हा दिवा नसतो आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. तिथे सगळी भिस्त ट्रॅक्टरवर आणि चालवणाऱ्यावर. रस्त्याला लागण्यापूर्वी डाव्या-उजव्या पॅडलची कडी जोडलीच पाहिजे. एकच पॅडल दाबले गेले तर भरलेली ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. दोन्ही पॅडलची ढील सारखी ठेवावी. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये.

सभासद बंधू-भगिनींनो, हंगामात आपल्या रस्त्यावर एकट्या आपल्या गाड्या नसतात. पुढे बैलगाडी असते, तिच्यावर दूरच्या मुलखातून आलेले तोडणी कामगाराचे कुटुंब असते. आपल्या डॅशबोर्डवरचा दिवा त्यांना दिसत नाही. तो बघायचे काम आपले आहे. तेव्हा गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी एक दिवस काढून आपली गाडी वर दिलेल्या क्रमाने तपासून घ्यावी, आणि ड्रायव्हर "दिवा लागतोय" म्हणाला तर त्याला "नंतर बघू" असे उत्तर देऊ नये, ही नम्र विनंती.