विजेच्या मोटारीची खडखड

विजेच्या मोटारीला इंजिन नसते. त्यामुळे ती फार हळू आवाजात धावते. मग चाकापाशी बारीक खडखड झाली, तरी लगेच ऐकू येते.

माझ्या भाच्याची मोटार अशीच वाजू लागली. मिस्त्री म्हणाला, "चारही शॉकअप बदला." भाचा घाबरला. मी म्हटले, "अरे, आधी आवाज ऐक तर खरा!"

सावकाश जाताना लहान खड्ड्यांत टकटक होते का? मग बहुधा लिंक रॉड ढिला असतो. कुरकुर होते का? मग रबरी बुश पाहावे. त्याला इंजिनाचे तेल लावू नका. तेलाने रबर फुगते. खालचा बॉल जॉइंट खिळखिळा असेल, तर मात्र मोटार हलवूच नका. तो निसटला की चाक आडवे होते. त्यात जीव जाऊ शकतो.

बॅटरी मोटारीच्या तळाशी असते. जॅक तिला टेकवू नका. ठरलेल्या जागीच लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. नारिंगी तारांना हात लावू नका. त्यांत घरच्या विजेहूनही जास्त दाब असतो.

भाच्याचा लिंक रॉडच ढिला निघाला. शॉकअप चांगले होते.