परसबागेतील फुलकोबी : बियांपासून गड्ड्यापर्यंत

फुलकोबी ही बाजारची भाजी, असे जव्हार-मोखाड्यातील पुष्कळ घरांत समजले जाते. इतिहासाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. १८२२ साली ती इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली. आपल्या नागली-वरईच्या मानाने ती कालची पाहुणी होय. परंतु तिच्यासाठी लागणारे कसब येथे पूर्वापार आहे. नागलीचे रोप राबावर वाढवून, उपटून, दुसरीकडे लावणाऱ्या कुटुंबांना रोपवाटिका शिकवावी लागत नाही. येथे राब मात्र भाजावयाचा नाही.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून या तालुक्यांत परसबाग हा हौसेचा विषय उरलेला नाही. खरी अडचण वेळेची आहे. दिवाळीनंतर अनेक घरांतील कर्ती माणसे वीटभट्टीवर जातात आणि माघ-फाल्गुनात विहिरी तळ गाठतात. म्हणून पेरणीचा हिशेब मागून करावा. भाताप्रमाणे फुलकोबीतही हळव्या आणि गरव्या जाती असतात. कडक थंडीची वाट पाहणारी गरवी 'स्नोबॉल' येथे पाण्याअभावी अडकते. 'पुसा दीपाली'सारखी हळवी जात ऑगस्टअखेर पेरून सप्टेंबरअखेर लावावी. माणसे निघतील तोवर रोपे जोम धरतात; पुढचे पाणी घरी राहिलेल्या आजीला झेपते.

वाफा वीतभर उंच करून त्यावर छप्पर धरावे. बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नको. दाट पेरले आणि वाफ्यात पाणी साचले, तर कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. चार-पाच आठवड्यांची रोपे दीड-दीड फुटावर लावावीत. आम्ही पहिल्या वर्षी येथेच चुकलो. परीक्षा आणि सुट्टीच्या गडबडीत रोपे दोन महिने वाफ्यातच राहिली आणि पुढे मुलांच्या हाती बटणाएवढे गड्डे आले. मुले हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही.

आपल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत आणखी एक विकार दिसतो. पानाचा पसारा आक्रसतो, नुसती मधली शीर चाबकासारखी उरते. मॉलिब्डेनम हे सूक्ष्मद्रव्य पिकाला न मिळाल्याचे हे लक्षण. लावणीपूर्वी चुलीतील राख शेणखतासह मातीत मिसळल्यास आम्लता उतरते. गड्डा मुठीएवढा झाला की भोवतीची पाने त्यावर बांधावीत; उन्हाने तो पिवळा पडत नाही.

बियाण्याबाबत मात्र नागलीचा न्याय चालत नाही. संकरित फुलकोबीचे बी धरले तर पुढची पिढी फुटून निघते. 'स्नोबॉल'चे बी तर कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या थंड प्रदेशातच पिकवले जाते. म्हणजे पुडी विकतच घ्यावी लागते. एका ग्रॅमात सुमारे ३०० बिया भरतात, आणि एका घराला पंचवीस रोपे पुरतात. तेव्हा पाड्यातील दहा घरांनी मिळून एक लहान पुडी आणावी, रोपे एकाच वाफ्यात वाढवावीत आणि लावणीच्या दिवशी वाटून घ्यावीत.