खोडावरची धिंगरी

पावसाळ्यात वाळल्या खोडावर फळ्या ठोकल्यासारखी बुरशी उगवते. तिला पाने नाहीत, हिरवा रंगही नाही. मग ती जेवते काय? तर लाकूडच! तिचे बारीक पांढरे तंतू आत शिरून लाकूड कुजवतात आणि त्यातून अन्न घेतात. बाहेर दिसते ते तिचे फळ. मेलेल्या झाडाची पुन्हा माती होते, ती अशा बुरशीमुळेच.

यातली धिंगरी अळिंबी खातात. ती रुंद पानांच्या झाडांच्या लाकडावर येते. आकार शिंपल्यासारखा, देठ आखूड व एका बाजूला, खाली वहीच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मनीत अन्नाची टंचाई होती. तेव्हा तिथे तिची लागवड करून पाहिली.

आपल्या अमडापूरकडे सोयाबीनचे कुटार पुष्कळ निघते. धिंगरी त्यावरही येते! कुटार गरम पाण्यातून काढून, निथळवून, पिशवीत भरतात व थराथराने धिंगरीचे बियाणे टाकतात. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते.

पण रानातली अळिंबी मात्र खायची नाही. विषारी जाती खायच्या जातींसारख्याच दिसतात. चांदीचे नाणे काळे पडले तरच विष, हे खरे नाही. काहींचे विष शिजवूनही जात नाही. माझी धाकटी बहीण दिसेल ते तोंडात घालते, म्हणून मी तिला रोज सांगतो, तुम्हीही लहानांना सांगा. कोणी चुकून खाल्लीच, तर उलटीची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवा.